ओवी-भलरीवरून बँडसाठी मैफलीची रचना कशी बांधावी

लग्नसराई संपली की सांगली-मिरजेकडचे दोन-चार बँडवाले दरवर्षी माझ्याकडे कागद घेऊन येतात. आपल्याच भागातलं एखादं गाणं घेऊन पाच-सहा मिनिटांची रचना केलेली असते. वरातीत वाजवायची नव्हे, लोकांनी खुर्चीत बसून ऐकायची. गाणी सुंदर असतात. पण तालमीला बसलं की दुसऱ्याच ओळीत गाडं अडतं. क्लॅरिनेट एका पट्टीत, सॅक्सोफोन दुसऱ्याच पट्टीत, ट्रम्पेटवाल्यांचे ओठ तिसऱ्या कडव्यात थकलेले. आणि मूळ गाणाऱ्या बाईनं जिथे श्वास घेतला होता, नेमके तिथेच वीस जण जोरात फुंकत असतात.

यातल्या बहुतेक अडचणी क्रम चुकल्यामुळे येतात. आधी पार्ट (प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद) लिहून होतात, मग सा कुठला ते ठरतं, आणि या गाण्यातलं आपल्या मनात नेमकं काय राहिलं हे कोणी विचारतच नाही. खालचा क्रम मी तसाच्या तसा पाळतो. एखादी पायरी वगळलीत तर पुढच्या दोन पायऱ्यांत तिची भरपाई करावी लागेल, म्हणून घाई करू नका.

तयारी: लिहायला बसण्याआधी

वेळ आधी बघा. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात. तिथपासून गणपतीच्या सुपाऱ्या सुरू होईपर्यंत सात-आठ आठवडे मिळतात. त्यातले पहिले तीन लिहिण्याचे आणि उरलेले तालमीचे धरा. हे दिवस ओलसर असतात. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनचे पॅड फुगतात, चिकटतात, आणि वाजवणारा उगाच स्वतःला दोष देत बसतो. पहिल्या तालमीआधी वाद्यं दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. नदीकाठी राहणाऱ्यांना २०१९च्या ऑगस्टमधला महापूर आठवत असेल. कागद आणि वाद्यं वरच्या मजल्यावरच ठेवा.

मग माणसांची यादी करा. नुसती वाद्यांची यादी पुरत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा सगळ्यात वरचा असा सूर लिहा, जो दोन तास वाजवून झाल्यावरही स्वच्छ निघतो. पुस्तकात ट्रम्पेटची मर्यादा काय दिली आहे याला इथे महत्त्व नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वादकांचा वरचा खात्रीचा सूर स्टाफच्या (सूर लिहायच्या पाच रेघांच्या) पाचव्या रेषेवर बसणारा लिहिलेला जी हाच असतो. त्यापुढचे सूर सकाळी येतात, रात्री येत नाहीत.

बाकी सामान थोडंच लागतं: ध्वनिमुद्रण करणारा मोबाईल, एक पेटी, रेघोट्यांचा कागद, पेन्सिल. संगणकावर लिहिणार असाल तर मस्कोअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे. पण ते चौथ्या पायरीनंतरच उघडा.

पायरी १: मूळ गाणं मिळवणं आणि ऐकणं

जात्यावरची ओवी घ्या, शेतातली भलरी घ्या, गोंधळ घ्या, आटपाडी-माणकडचा गजी ढोल घ्या. पण ते गाणाऱ्या माणसाकडून घ्या. यंत्रावर ऐकलेल्या गाण्याला आधीच कोणीतरी केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) बसवलेलं असतं, चाल सरळ केलेली असते. ज्यासाठी तुम्ही निघालात तेच तिथे पुसलेलं असतं.

ओवी गाणाऱ्या आजींकडे गेलात तर पेटी सोबत नेऊ नका. त्यांना सा देऊ नका. जातं घरात असेल तर त्यावर बसूनच गायला सांगा, रिकामं फिरवलं तरी चालेल. खुर्चीत बसून गायलेल्या ओवीत श्वास वेगळ्या जागी पडतो, कारण हात फिरत नसतो. सलग चार-पाच ओव्या घ्या, मध्ये थांबवू नका. पहिली ओवी बहुधा संकोचाची असते. तिसरीपासून गाणं खरं होतं.

मुद्रण करण्याआधी विचारा. हे कुठे आणि कोणासमोर वाजणार आहे ते नीट सांगा. त्यांची तयारी असेल तर कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव आणि गाव छापा. पर्सी ग्रेंजर या संगीतकारानं आपली ‘लिंकनशायर पोझी’ ही बँडरचना आपल्यासाठी गायलेल्या लोकगायकांनाच अर्पण केली आहे. गाणाऱ्यांचा मान आपण एवढ्याने ठेवू शकतो.

या ग्रेंजरकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९०६ साली तो इंग्लंडच्या लिंकनशायर भागात फोनोग्राफ घेऊन फिरला. गायक प्रत्येक कडवं थोडं वेगळं गातात, एखादा शब्द लांबवतात, एखादी मात्रा खातात, हे सगळं त्यानं जसंच्या तसं टिपलं. १९३७ साली बँडसाठी रचना केली तेव्हाही ते सपाट केलं नाही. त्यातल्या ‘रफर्ड पार्क पोचर्स’ या भागात ताल सतत बदलतो. ‘लॉर्ड मेलबर्न’मध्ये तर काही ठिकाणी ठरलेला तालच नाही, संचालकाचा हात जसा पडेल तसा सूर पुढे जातो. त्या दोन्ही जागा वाजवणाऱ्यांना अवघड जातात. पण ज्या माणसांनी ती गाणी गायली त्यांचा श्वास तिथे ऐकू येतो.

आता कागदावर उतरवा, आणि उतरवताना हा क्रम मोडू नका:

आधी फक्त श्वास. शब्द लिहा आणि जिथे श्वास घेतला तिथे उभी रेघ मारा. मग कुठल्या अक्षरावर जोर आहे ते. मग सरगम. मग मात्रा. ताल सगळ्यात शेवटी.

सावध: उलट्या क्रमानं गेलात, म्हणजे आधी ताल ठरवून त्यात चाल ओतलीत, तर साडेपाच मात्रांची ओळ तुम्ही नकळत सहाची कराल. ते कानाला बरं लागतं म्हणून लक्षातही येत नाही.

पडताळा: तुमची सरगम बघून तुम्ही गा आणि मुद्रण शेजारी लावा. दोघांचे श्वास एकाच जागी पडले तर पुढे जा.

पहिल्यांदाच करत असाल तर मी भलरी घ्या म्हणेन. एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे उचलतात, त्यामुळे वाद्यांची वाटणी अर्धी आपोआप होते. ओठांना विसावाही मिळतो. एवढंच नीट ऐका की मागचे लोक पुढच्याची ओळ संपायची वाट बघत नाहीत. त्याच्या शेवटच्या अक्षरावरच ते चढतात. ते चढणं लिहायचं राहिलं तर भलरी संपली, वर्गातली उजळणी उरली.

पायरी २: एक वाक्य लिहा

ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि रचना तिथेच फसते. कागदाच्या डोक्यावर एका वाक्यात लिहा: या गाण्यातली कोणती एक गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानात राहायला हवी?

‘ग्रामीण महाराष्ट्राचं दर्शन’ असलं वाक्य कामाचं नाही. त्यावरून क्लॅरिनेटनं काय वाजवायचं ते ठरत नाही. ‘जातं थांबतं, बाई गातच राहते’ हे कामाचं आहे. त्यावरून लगेच कळतं की खालचा फिरता ठेका एका जागी बंद पडायला हवा आणि त्यानंतर एकच वाद्य उरायला हवं.

मोठ्या बँडरचना बघितल्या तर प्रत्येकीत असा एक निर्णय दिसतो. कारेल हुसा यांची ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ घ्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैन्य आणि त्याचे साथीदार चेकोस्लोव्हाकियात घुसले, त्यानंतर ही लिहिली. आधार आहे पंधराव्या शतकातल्या एका हुसाइट (चेक धर्मसुधारकांच्या) गीताचा. सुरुवातीला त्याचे थोडे सूर टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यांवर) हळूच येतात, शेवटी सगळा बँड एकसुरात ते उचलतो. पण पूर्ण गाणं एकदाही वाजत नाही. पिकोलोतून (छोट्या बासरीतून) पक्ष्याची हाक येते, घंटा वाजतात. गाणं पूर्ण म्हणू न देणं हाच तिथला निर्णय आहे.

दारियुस मियोनं १९४४च्या ‘स्वीट फ्रान्सेज’मध्ये (स्वीट म्हणजे अनेक भागांची रचना) फ्रान्सचे पाच प्रदेश घेतले: नॉर्मंडी, ब्रिटनी, इल-द-फ्रान्स, अल्सास-लॉरेन, प्रोव्हान्स. महायुद्धात दोस्त सैन्य आणि फ्रेंच भूमिगत लढवय्ये जिथे लढले, त्या भागांची लोकगीतं. तिथे निवडीचं सूत्र नकाशा आहे. कृष्णाकाठची पाच गावं घेऊन कोणी असं करून बघावं असं मला फार वाटतं.

जॉन बार्न्स चान्सनं कोरियात सैन्याच्या बँडमध्ये असताना ‘आरिरांग’ ऐकलं आणि १९६५ साली त्यावर ‘व्हेरिएशन्स ऑन अ कोरियन फोक साँग’ लिहिलं. गाणं पाच सुरांचं. आपल्या भूपाच्या सुरांत ते गुणगुणता येतं. एकच चाल हळू, वेगात, ताल बदलून पुन्हा पुन्हा येते, तरी पाच सुरांची चौकट ओळखू येत राहते.

पडताळा: तुमचं वाक्य बँडमधल्या सगळ्यात तरुण वादकाला वाचून दाखवा. ‘म्हणजे मी कुठे हळू वाजवायचं?’ असं काही त्यानं विचारलं तर वाक्य चांगलं आहे. नुसती मान हलवली तर पुन्हा लिहा.

पायरी ३: सा ठरवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सर्वांत महाग चुका इथेच होतात, आणि मी स्वतः केलेली चूकही इथलीच आहे.

एका भजनी मंडळाची चाल मी गायकाच्या पट्टीतच लिहिली होती. ते पांढरी दोनमध्ये गात होते. म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी, सा डीवर. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या कागदावरच्या सुराचं नाव पेटीच्या सुराहून वेगळं असतं, म्हणून त्या पट्टीत बी फ्लॅट क्लॅरिनेटला चार शार्प (अर्धा सूर चढवायच्या खुणा) येतात आणि ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनला पाच. दोन तासांत आठ ओळीसुद्धा बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं अर्धा सूर वर नेऊन काळी दोनमध्ये लिहिलं. क्लॅरिनेटला एक फ्लॅट (अर्धा सूर उतरवायची खूण) उरला, आल्टोला एकही नाही. तीच माणसं, तेच गाणं, आणि पाऊण तासात पहिलं पान वाजलं. त्यांचे ते दोन तास मी वाया घालवले, याचं मला अजून वाईट वाटतं.

फुंकवाद्यांना फ्लॅटकडच्या पट्ट्या सोयीच्या पडतात. बिलावलच्या (सगळ्या शुद्ध) सुरांतली चाल धरून सांगतो:

काळी पाच (बी फ्लॅट): क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा सा त्यांच्या सीवर, आल्टोचा जीवर. नवख्या बँडला सगळ्यात सोपी.

काळी दोन (ई फ्लॅट): क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा सा एफवर, आल्टोचा सीवर.

पांढरी चार (एफ): क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा सा जीवर, आल्टोचा डीवर.

काळी चार (ए फ्लॅट): क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा सा बी फ्लॅटवर, आल्टोचा एफवर.

पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी सहा टाळा. पांढरी तीनमध्ये क्लॅरिनेटला सहा शार्प येतात, आल्टोला सात.

कोमल सुरांच्या चालीला हा हिशेब थोडा सरकतो. कोमल ग-ध-नी असलेली चाल पांढरी दोनमध्ये घेतली तर क्लॅरिनेटला एकच शार्प उरतो. म्हणून नुसता सा बघून ठरवू नका. चालीत जे सूर खरोखर लागतात ते प्रत्येक वाद्यासाठी लिहून मोजा.

दुसरा निकष सप्तकाचा. गावाकडच्या बायका बहुधा काळी चार-पाचच्या आसपास गातात. सा काळी पाच धरून क्लॅरिनेटला लिहिलेल्या खालच्या सीपासून सुरू केलं, तर तो अगदी त्या बाईच्याच उंचीवर बोलतो. तिथून त्याच सप्तकातल्या धपर्यंत तो ब्रेकच्या खाली राहतो, आवाज भरीव येतो. ब्रेक म्हणजे लिहिलेल्या बी फ्लॅट आणि बीमधली ती जागा, जिथे जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात आणि पुढच्या सुराला एकदम सगळी झाकावी लागतात. चालीतली एखादी गिरकी त्या जागेवर पुन्हा पुन्हा येत असेल तर सा बदला. सा एफवर असेल तर म-प ही जोडी ब्रेक ओलांडते. सा जीवर असेल तर रे-ग.

पडताळा: चालीतला सगळ्यात वरचा सूर कोणाच्या वाट्याला येतो? तयारीच्या यादीत त्या माणसापुढे लिहिलेल्या सुराहून तो वर जातो का? जात असेल तर आत्ताच खाली आणा.

पायरी ४: चार ओळींचा कच्चा कागद

वीस वाद्यांचे वीस पार्ट थेट लिहू नका. आधी सगळी रचना चार ओळींत मावली पाहिजे: चाल, खालचा आधार, आडची चाल आणि ठेका. हे सगळं पेटीच्या सुरांत, कोणतंही वाद्य मनात न आणता.

आधाराच्या ओळीबद्दल कळकळीनं सांगतो. पाश्चात्य रचनांत प्रत्येक सुराखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) दिसते म्हणून आपल्याकडेही ती कोंबली जाते. चालीत कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार येत असतील आणि खाली युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) शुद्ध ग धरून बसलं असेल, तर चालीचा रंग तिथेच मरतो. सुरुवातीला सा-प किंवा सा-म एवढंच धरा. आणखी सूर हवेच असतील तर चालीतलेच घ्या. चालीत नसलेला सूर आधारात आणायला कारण हवं, आणि ते कारण पायरी २च्या वाक्यात सापडायला हवं.

आडची चाल म्हणजे मुख्य चालीसोबत वाजणारी दुसरी. गुस्ताव होल्स्टच्या १९११च्या दुसऱ्या स्वीटचा शेवटचा भाग यासाठी ऐका. ‘डार्गासन’ ही सहा-आठच्या तालातली नाचरी चाल गोल गोल फिरत राहते आणि तिच्यावर तीन-चारच्या तालातलं ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ येऊन बसतं. दोन्ही स्वच्छ ऐकू येतात, कारण एक चाल धावते आणि दुसरी लांब सुरांची आहे. आपल्याकडे संबळाच्या सहा मात्रांवर ओवीचे लांब सूर असे बसू शकतात. सहा मात्रा तीन-तीन मोजल्या की संबळ, दोन-दोन-दोन मोजल्या की ओवी.

सावध: दोन्ही चालींत धावते सूर असतील तर एकही ऐकू येणार नाही. कितीही जीव लागला असला तरी एक काढून टाका.

होल्स्टचीच १९०९ची पहिली स्वीट लांबीच्या दृष्टीनं बघावी. पहिला भाग आठ मापांच्या (तालाच्या घरांच्या) एकाच सुरावळीवर उभा आहे. ती आधी खालच्या ब्रासमध्ये (पितळी वाद्यांत) उघडी ऐकू येते, मग तिच्यावर एकेक थर चढतो. पुढचे दोन्ही भागही त्याच सुरावळीच्या सुरुवातीतून निघतात. तीन गाणी एकत्र शिवायची आपल्याला फार हौस असते. एक गाणं तीन प्रकारे वाजवून बघा, रचना जास्त घट्ट होते.

पडताळा: पेटीवर दोघांनी मिळून चारही ओळी वाजवा. पेटीवर कंटाळवाणी वाटणारी जागा बँडवरही कंटाळवाणीच वाटते, फक्त मोठ्यानं.

पायरी ५: वाद्यांची वाटणी

वरातीची सवय अशी की सगळे सगळंच वाजवतात, कारण रस्त्यावर आवाज पोचवायचा असतो. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारख्या बंद सभागृहात तेच केलं तर तिसऱ्या मिनिटाला ऐकणारा थकतो. वाटणी करताना प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे कोण गप्प बसणार. गप्प बसणाऱ्यांची ओळ आधी लिहा.

ट्रम्पेटला सलग सोळा मापांहून जास्त देऊ नका आणि त्यानंतर निदान आठ मापं विसावा द्या. वर चढणारा उत्कर्ष एकच ठेवा. तो येण्याआधी ट्रम्पेट पूर्ण थांबलेले असतील तर ते आल्याचं कळतं.

क्लॅरिनेट खालच्या सप्तकात हळू वाजवलं की बाईच्या आवाजाजवळ जातं. चान्सच्या रचनेची सुरुवात याच जागेतून होते. बासरी घ्यायची असेल तर तिचं खालचं सप्तक ब्रासखाली दबतं हे लक्षात ठेवा. तिला वर ठेवा, नाहीतर एकटीला द्या. युफोनियम पुरुषाच्या गळ्यासारखं गातं, पण आपण त्याला नुसती ‘पम-पम’ देतो. भलरीतला पुढे म्हणणारा माणूस मला युफोनियमवरच ऐकू येतो.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) कोणाला द्यायची? ट्रॉम्बोनला, पण एका घसरणीत सहा अर्धसुरांपर्यंतच. काळी पाचचा सा पहिल्या पोझिशनवर (सरकती नळी पूर्ण आत असताना) वाजतो, तिथून खालच्या पपर्यंत सरळ उतरता येतं. वर जाणारी मींड लिहिण्याआधी वादकाला प्रत्यक्ष वाजवून दाखवायला सांगा. क्लॅरिनेटलाही वरच्या सप्तकात थोडी मींड जमते. ट्रम्पेटकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तानपुऱ्यासारखा अखंड आधार हवा असेल तर तीन-चार जणांत वाटून द्या आणि श्वासाची जागा प्रत्येकाच्या कागदावर वेगळी लिहा. ‘जमेल तसा घ्या’ म्हटलं की सगळे मापाच्या शेवटीच घेतात.

संबळ, हलगी, ढोल मूळचेच आणा. साईड ड्रमवर त्यांची नक्कल केली की ठेका उरतो, माती जाते. पण हलगी बंद जागेत सगळ्यांना झाकून टाकते. ती मागे आणि बाजूला बसवा. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ती तापवायची सोय बाहेर करून ठेवा.

जे वाद्य तुमच्याकडे नाही ते लिहू नका. फ्रेंच हॉर्न नसेल तर त्याची ओळ आल्टोला द्या. एकटा बासरीवाला आजारी पडला तर त्याची ओळ कोण वाजवणार, तेही त्या दुसऱ्याच्या कागदावर बारीक सुरांत लिहून ठेवा.

पायरी ६: पार्ट काढणं

सा काळी पाचवर आहे आणि चाल ‘सा रे ग प’ अशी आहे, तर कागदावर हे दिसलं पाहिजे:

बासरी, ट्रॉम्बोन, सूसाफोन (सगळ्यात खालचं पितळी वाद्य): बी फ्लॅट, सी, डी, एफ
क्लॅरिनेट, ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन: सी, डी, ई, जी
आल्टो सॅक्सोफोन: जी, ए, बी, डी
एफ हॉर्न: एफ, जी, ए, सी

टेनर सॅक्सोफोन लिहिल्यापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण सूर खाली वाजतो. त्याची ओळ क्लॅरिनेटवरून तशीच उतरवली तर तो तुमच्या मनात होता त्याच्या सप्तकभर खाली ऐकू येईल. युफोनियमवाल्याला विचारा की तो बेस क्लेफ (खालच्या सुरांची खूण) वाचतो की ट्रेबल (वरच्या सुरांची). बेसमध्ये जसा सूर तसाच लिहायचा, ट्रेबलमध्ये टेनर सॅक्सोफोनसारखा.

ज्यांना स्टाफ वाचता येत नाही त्यांना सरगम लिहून द्या, त्यात कमीपणा काहीच नाही. उलट सरगमेत पट्टी बदलायची कटकट राहत नाही, कारण प्रत्येकाच्या कागदावर तेच ‘सा रे ग प’ असतं. फक्त डोक्यावर ठळक लिहा: ‘तुझा सा तुझ्या वाद्याच्या सीवर’, ‘तुझा सा जीवर’. ही ओळ विसरली की एकाच खोलीत तीन सा सुरू होतात.

ताल नसलेल्या जागी मापाच्या रेघा मारू नका. ज्या सुरावर संचालकाचा हात पडणार त्यावर बाण काढा, आणि तो बाण सगळ्यांच्या कागदावर असू द्या, गप्प बसलेल्यांच्याही.

सावध: मस्कोअरमध्ये छापण्याआधी ‘कॉन्सर्ट पिच’चं बटण बंद आहे ना ते बघा. चालू राहिलं तर क्लॅरिनेटला बासरीचे सूर छापून येतात. आणि संगणक वाजवून दाखवतो त्यावर विसंबू नका. त्याला श्वास लागत नाही, त्याचे ओठ दुखत नाहीत.

पडताळा: दर आठ-दहा मापांनी खुणेचं अक्षर आहे? पान उलटायच्या जागी विसावा आहे? श्वासाच्या खुणा पायरी १च्या उभ्या रेघांशी जुळतात?

पायरी ७: तालमी

पहिल्या तालमीत वाद्य हातात घेऊ नका. मूळ मुद्रण दोनदा ऐकवा, मग सगळ्यांना गायला लावा. लाजतील. तरी गाऊन घ्या. जो गाऊ शकतो त्याला कुठे फुंकायचं आणि कुठे सोडायचं हे सांगावं लागत नाही.

दुसऱ्या तालमीत फक्त आधार. सा-प एक मिनिट अखंड धरा, घड्याळ लावून. आवाजात खड्डा पडला तर पुन्हा. याचा कंटाळा करू नका, बाकी सगळं यावर उभं राहतं.

मग विभागवार: क्लॅरिनेट-सॅक्सोफोन एका दिवशी, ब्रास दुसऱ्या दिवशी, ठेक्याची वाद्यं वेगळी. एकत्र बसण्याआधी प्रत्येक विभागाला आपली ओळ हळू लयीत चुकल्याशिवाय यायला हवी. ताल नसलेली जागा सगळ्यात आधी घ्या, माणसं ताजी असताना. सगळे कागदाकडे बघत असतील तर ती कधीच जमणार नाही. तेवढ्या ओळी पाठ करून घ्या.

वरातीच्या सवयीमुळे हळू वाजवणं अवघड जातं. हळू म्हटलं की लय पडते आणि सूरही उतरतो. एक उपाय मला लागू पडला आहे. एक जण मूळ ओवी गुणगुणतो आणि बँडनं तिचे शब्द ऐकू येतील एवढंच मोठं वाजवायचं. शब्द बुडाले की थांबायचं.

पायरी ८: कार्यक्रमाचा दिवस

सूर मिळवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं वाद्यं फुंकून गरम करा. थंड वाद्यावर मिळवलेला सूर पहिल्या रचनेतच चढतो. हवा एक अंशानं तापली की सूर साधारण तीन सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर जातो. दुपारी मिळवलेली वाद्यं साताऱ्याच्या डिसेंबरातल्या रात्रीच्या मोकळ्या पटांगणात वाजवायची असतील तर तिथे पोचल्यावर पुन्हा मिळवा. पेटी हवेबरोबर अशी चढत-उतरत नाही, म्हणून ती बँडमध्ये बसवू नका.

मिळवायला काळी पाच द्या, एकाच क्लॅरिनेटवरून, सूसाफोनपासून वरपर्यंत. रचना सा-ग-प वर थांबत असेल तर ग ज्याच्याकडे आहे त्याला तो पेटीच्या गपेक्षा किंचित उतरता घ्यायला सांगा, चौदा सेंटच्या आसपास. मोजायची गरज नाही. तीन सूर एक झाले की कानाला कळतं.

ज्या आजींची ओवी घेतली त्यांना आणायची गाडी सकाळीच ठरवून ठेवा आणि त्यांना पुढच्या रांगेत, ठेक्याच्या वाद्यांपासून दूर बसवा.